तुम्ही विचारलंत म्हणून: मास्टर्सचे पैसे कुठून आणले

लग्नात, चवथीला, मडगावच्या बसमध्ये, हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये, आणि आता तर मेसेजवर सुद्धा, प्रश्न एकच. पुण्याच्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत जाऊन दोन वर्षं मास्टर्स केलंस, एवढे पैसे आणलेस कुठून? शेजारची वहिनी तर आडपडदा ठेवत नाही, "पयशे खंयच्यान हाडले गो बाय?" यात राग येण्यासारखं काही नाही, कारण विचारणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा एखादा मुलगा नाहीतर मुलगी बीएस्सी-बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला असते आणि टेबलावर कुठल्यातरी युनिव्हर्सिटीचं चकचकीत ब्रोशर पडलेलं असतं. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते.

आधी आकडे देते, नाहीतर वाचताना सगळं लक्ष तिकडेच राहील. कोर्स एमबीए, हॉस्पिटल मॅनेजमेंट. ऍडमिशन २०२२, संपला २०२४. ट्यूशन फी वर्षाला ३ लाख ६० हजार, दोन वर्षांची ७ लाख २० हजार. हॉस्टेल आणि मेस मिळून वर्षाला १ लाख ३० हजार. डिपॉझिट, परीक्षा फी, लॅपटॉप, इंटर्नशिपच्या काळातलं इकडेतिकडे राहणं, हे सगळं धरून आणखी साठेक हजार. एकूण १० लाख ४० हजार. यातले साडेसात लाख बँकेचं शैक्षणिक कर्ज, १ लाख ७० हजार बाबांच्या पीएफमधून, ८० हजार माझे (बीएस्सीनंतर एक वर्ष हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर काढलं त्यातले), आणि ४० हजार मामाने दिले, जे तो परत घ्यायला तयार नाही आणि मी दिल्याशिवाय राहणार नाही.

झालं, उत्तर मिळालं. पण हे उत्तर घेऊन कुणी कामाला लागला तर त्याची गाडी पहिल्याच महिन्यात अडकणार, कारण १० लाख ४० हजार हा आकडा जमवणं जितकं कठीण होतं त्याहून जास्त घाम मला तारखांनी काढला. युनिव्हर्सिटीला पैसे कधी हवेत, बँक कधी सोडते, पीएफ कधी येतो, दाखला कधी मिळतो, यातली एकही तारीख दुसरीशी जुळत नाही. हातात सँक्शन लेटर असूनसुद्धा सीट जाऊ शकते. म्हणून यापुढचं सगळं त्या तारखांबद्दलच आहे.

मधेच एक प्रश्न हमखास येतो तो उरकते. गोव्यातच का नाही केलंस? ताळगावच्या पठारावर गोवा युनिव्हर्सिटी आहे, १९८५ पासून चालू आहे, फी प्रायव्हेटच्या पासंगालाही पुरत नाही, आणि तुमचा विषय तिथे असेल तर प्लीज तिथेच जा, हे मी मनापासून सांगते. मला हवं होतं ते हॉस्पिटलचं मॅनेजमेंट. साखळीला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये हेल्थकेअरचा कोर्स आहे, चांगला आहे, पण त्याला प्रवेश परीक्षेचा दणदणीत स्कोअर लागतो आणि फीचं पान बाबांनी एकदा बघितलं आणि न बोलता लॅपटॉप बंद केला. मग पुणे.

तर पहिला कागद म्हणजे फीचं पत्रक. ब्रोशरच्या पानावर ३,६०,००० मोठ्या अक्षरात होतं. मी बिलिंगला काम केलेलं असल्यामुळे बारीक अक्षरं आधी वाचायची सवय, तर शेवटच्या पानावर खाली टीपा होत्या. परीक्षा फी वेगळी. रजिस्ट्रेशन एकदाच, पण वेगळं. इंडस्ट्रियल व्हिजिट प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे. मेसचे पैसे मधे सोडलं तर परत नाहीत. दुसऱ्या वर्षी फी बदलू शकते. आणि माझी सगळ्यात आवडती ओळ, माजी विद्यार्थी संघाची वर्गणी, जी अजून विद्यार्थी व्हायच्या आधीच भरायची! हसून झालं की कामाचं बघा. बँक कर्ज देते ते युनिव्हर्सिटीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह जे लिहिलंय त्याच्यावर. म्हणून मी ऍडमिशन ऑफिसला ईमेल करून दोन्ही वर्षांचं, चारही सेमिस्टरचं, हॉस्टेल आणि मेससकट आणि प्रत्येक हप्त्याच्या तारखेसकट एकच पत्र मागून घेतलं. तिथली मॅडम म्हणाली, असं कोणी मागत नाही. मागा. ते पत्र नसतं तर हॉस्टेलचे पैसे कर्जात बसले नसते. लॅपटॉप, पुस्तकंही शैक्षणिक कर्जात धरता येतात, पण कोटेशन लागतं आणि एकूण रकमेत जागा लागते, माझ्याकडे जागाच उरली नव्हती.

आता गोव्यात राहणाऱ्यांनी पहिलं दार कुठलं ठोठवायचं तर ते बँकेचं नाही, सरकारचं. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे, ऑफिस पर्वरीला. बिनव्याजी म्हणजे खरंच बिनव्याजी, घेतलेली मुद्दल तेवढी फेडायची. दरवर्षीचे नियम आणि मर्यादा तिथूनच घ्या, व्हॉट्सऍपवर फिरणारे आकडे बहुतेक जुने असतात. मला ती का नाही मिळाली? माझे कागद वेळेत उभे राहिले नाहीत. अशा योजनांना गोव्यातला रहिवासी दाखला लागतो, त्याच्यामागे बाबांची कागदपत्रं, आणि आमच्या घरात आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या नोंदीत पोरोबो, बाबांच्या जन्मदाखल्यावरही तेच, आणि शाळेच्या दाखल्यापासून पुढे सगळीकडे प्रभू. गोव्यात हे घरोघरी आहे, कामतांचे कामोतिम आहेत, तुम्हाला माहितीच आहे. दोन्ही नावांचा माणूस एकच, असं प्रतिज्ञापत्र करायचं, त्याला जोडायला जुनी नोंद शोधायची, यात जून संपला, आणि युनिव्हर्सिटीची तारीख जुलैच्या पहिल्या आठवड्यात. म्हणून ज्यांची पोरं आत्ता दुसऱ्या वर्षाला आहेत त्यांना माझं सांगणं इतकंच, ऍडमिशनचं नंतर बघा, पण सगळ्या कागदांवरची नावं या सुट्टीत जुळवून ठेवा. फुकटचं काम आहे आणि त्याच्यावर लाखभर रुपयांचं व्याज वाचू शकतं.

केंद्राची व्याज सबसिडीची योजना पण आहे, घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि कोर्स प्रोफेशनल असेल तर शिक्षणाच्या काळातलं आणि नंतरच्या एका वर्षाचं व्याज सरकार भरतं, २००९ पासून चालू आहे. बाबा तेव्हा अनुदानित हायस्कूलमध्ये क्लार्क. त्यांचा पगार त्या रेषेच्या वर. म्हणजे आम्ही त्या जातीतले, ज्यांना सबसिडी मिळण्याइतकी गरिबी नाही आणि फी भरण्याइतकी श्रीमंती नाही. आत्या मधेच म्हणाली गोवा सरकारच्या मुलींसाठीच्या लाडली लक्ष्मी योजनेचं लाख आहे ना, तर आमच्याकडे त्या लाखाचं नाव काढलं की घरात सगळ्यांच्या डोळ्यासमोर लग्नाचा हॉलच येतो, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

मग बँक. इथे साडेसात लाख हा आकडा कुठून आला ते सांगते, कारण लोकांना वाटतं मी हुशारीने ठरवला. बँकांच्या शैक्षणिक कर्जाची साधारण रचना अशी आहे की ४ लाखांपर्यंत स्वतःचा वाटा घालावा लागत नाही, त्याच्यावर गेलं की देशातल्या शिक्षणाला ५ टक्के मार्जिन तुमचं. साडेसात लाखांपर्यंत तारण नाही आणि तिऱ्हाईत जामीनदार नाही, कारण त्याला २०१५ पासून केंद्राच्या क्रेडिट गॅरंटी फंडाचा आधार आहे. साडेसातच्या वर एक रुपया गेला की तारण आणा. मॅनेजर चांगला माणूस होता, म्हणाला नऊ लाखांपर्यंत बसवू, घर आहे ना तुमचं.

घर आहे. गोव्यात घर सगळ्यांचंच असतं, पण ते घर बँकेत नेऊन ठेवता येतं का हा वेगळाच पुराणातला अध्याय आहे. आमचं घर आजोबांच्या नावावर. ते जाऊन कित्येक वर्षं झाली, इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारसांची वाटणी, कुणी केलेली नाही. बाबा धरून चार भावंडं. आणि गोव्याच्या नागरी कायद्यात नवराबायकोची मालमत्ता सामाईक, त्यामुळे तारण ठेवायचं तर चार भावंडांबरोबर चौघांच्या जोडीदारांच्याही सह्या. म्हणजे ठाण्याला असणारी धाकटी आत्या आणि तिचे यजमान, ज्यांच्याशी बाबा एका जुन्या नारळाच्या वादापासून बोलत नाहीत, त्यांच्याकडे जाऊन म्हणायचं, माझ्या मुलीच्या एमबीएसाठी सही करा. बाबा म्हणाले, त्यापेक्षा मी दुसरी नोकरी धरतो. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाने एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे तो सरकारी कागद, एकदा वरून खाली बघितला, मान हलवली, आणि फाईल परत केली. शेजारच्या वाड्यावरच्या मैत्रिणीचं तर आणखी वेगळं, तिच्या घरच्यांचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत, आजोबांपासून मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे) म्हणून राहतात, कायदा १९७५ चा, तिथून कुणी उठवू शकत नाही, पण खरेदीचे सोपस्कार पूर्ण झालेले नाहीत म्हणून नावावर जमीन नाही, म्हणजे राहायला पक्कं आणि तारणाला शून्य. तर साडेसात लाख हे माझं प्लॅनिंग वगैरे काही नव्हतं, आमच्या घराच्या कागदांनी ती मर्यादा आखून दिली. आणि मागे वळून बघता बरंच झालं, नऊ मिळाले असते तर नऊ घेतले असते आणि आज नऊ फेडत असते.

एक गोष्ट लोक गोंधळतात. जामीनदार लागत नाही याचा अर्थ आईबापाची सही लागत नाही असा नाही. बाबा सहकर्जदार आहेत, म्हणजे कर्ज जितकं माझं तितकंच त्यांचं, मी थकवलं तर त्यांचा सिबिल स्कोअर पण खाली. ते सही करताना हे मॅनेजरने सांगितलं नाही, मी सांगितलं, कारण त्यांना वाटत होतं की पालक म्हणून करतोय, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करायचे तशी. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि सगळी पानं वाचून मगच सह्या केल्या, तेवढा वेळ मागची रांग थांबली.

आता तारखा. युनिव्हर्सिटीचा ऑफर ईमेल आला, त्यात पहिल्या सेमिस्टरचे १ लाख ८० हजार दहा दिवसांत भरून सीट पक्की करा. बँकेचं सँक्शन होऊन पैसे प्रत्यक्ष सुटायला, डिमांड लेटर, बोनाफाईड, ऍग्रीमेंट वगैरे होऊन ऑगस्ट उजाडणार. बाबांचा पीएफचा अर्ज शाळेतून वर जाऊन पास होऊन यायला दिवाळी. माझ्या खात्यात ८० हजार, त्यातले तीस देऊ शकत होते, बाकी लॅपटॉप-डिपॉझिटला ठेवायला हवे. दीड लाखाची तूट, दहा दिवस.

आईच्या पाटल्या. मला वाटतं गोव्यातल्या अर्ध्या डिग्र्यांच्या मागे कुणाच्या ना कुणाच्या पाटल्या आहेत. बँकेत सोनं तपासणारा सराफ ठरलेल्या वेळीच येतो, मागच्या खोलीत एका छोट्या टेबलावर त्याचा काळा कसोटीचा दगड, आम्लाची बाटली आणि इलेक्ट्रॉनिक काटा. त्याने पाटली दगडावर घासली, पिवळी रेघ उमटली, त्याच्यावर थेंब टाकला, रेघ तशीच राहिली. आई रेघेकडे बघतच नव्हती, तिचं लक्ष काट्यावर. आकडा स्थिर झाला तसा तिने मला कोपराने ढोसलं, लग्नात तिच्या वडिलांनी सांगितलेलं वजन आणि हे वजन यात फरक होता आणि तो झिजेचा की आजोबांचा हे तिला तिथेच उभ्या उभ्या ठरवायचं होतं! मग मंगळसूत्राच्या जोडीचा एक हार, त्यातले खडे आणि लाखेचं वजन वजा करून निव्वळ सोनं किती ते लिहिलं. सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, तेव्हाचा रिझर्व्ह बँकेचा नियम. दीड लाख त्याच दिवशी खात्यात. व्याज महिन्याला हजार-अकराशेच्या घरात. पीएफ आला तसं सोडवून आणलं. अशा मधल्या तुटीला सोनं तारण बरं पडतं, फक्त ते कुठल्या पैशातून आणि कधी सोडवायचं ते आधी ठरलेलं हवं, नाहीतर ते तिथेच राहतं. आणि सावकारी ऍपवरून पाच मिनिटांत कर्ज घेऊन फी भरणारी दोन मुलं माझ्या हॉस्टेलला होती, त्यांच्या फोनची रिंग वाजली की त्यांचा चेहरा बदलायचा, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

बँकेला आधीच विचारायची गोष्ट: स्वतः भरलेला पहिला हप्ता पावती दाखवून परत मिळणार का? काही बँका देतात, काही तो तुमच्या मार्जिनमध्ये धरतात. माझ्या बँकेने मार्जिनमध्ये धरला आणि साडेसात लाख उरलेल्या तीन सेमिस्टरवर आणि हॉस्टेलवर वाटून दिले.

सीट अडवायला भरलेले पैसे बुडतात अशी जी भीती असते तिच्यावर पण जरा. युजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, फी परतीचे नियम आहेत आणि ते प्रायव्हेट युनिव्हर्सिटीलाही लागू आहेत. जाहीर केलेल्या प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर थोडं प्रक्रिया शुल्क वजा जाऊन पूर्ण फी, १५ दिवसांच्या आत पण तारखेच्या आधी तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, पुढे ३० दिवसांपर्यंत ५०, त्यानंतर काही नाही. माझ्या वर्षी, २०२२-२३ ला, युजीसीने ३१ ऑक्टोबरपर्यंत पूर्ण परतावा द्यायला सांगितलं होतं. आणि मूळ मार्कशीट कुणी ठेवून घ्यायची नाही, बघून परत द्यायची. काउंटरवरचा माणूस "नॉन-रिफंडेबल" म्हणाला की लोक गप्प बसतात. गप्प बसू नका, लेखी मागा.

आता व्याज, जे विचारायला सगळे विसरतात. शिकत असताना आणि संपल्यावर एक वर्ष ईएमआय नसतो, त्याला मोरॅटोरियम म्हणतात, आणि लोकांना वाटतं तेवढे दिवस कर्ज झोपलेलं असतं. अजिबात नाही. पैसे सुटले त्या दिवसापासून साधं व्याज चालू. माझे पैसे तुकड्यातुकड्याने सुटले, म्हणून पहिल्या सहामाहीत व्याज महिन्याला हजाराच्या आसपास आणि शेवटच्या हप्त्यानंतर सहा हजारांच्या वर. न भरता सोडलं असतं तर ईएमआय सुरू व्हायच्या वेळी साधारण १ लाख ६० हजार मुद्दलात मिसळले असते आणि पुढे व्याजावर व्याज. बाबांनी पहिलं वर्षभर भरलं, मग इंटर्नशिपचा स्टायपेंड सुरू झाला तसं मी. काही बँका असं व्याज नियमित भरलं तर दरात एक टक्क्यापर्यंत सूट देतात, ती मागून घ्यायची असते, आपोआप कुणी देत नाही.

दराचंही एक नाटक झालं. माझं कर्ज रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याला, जोडलेलं. जुलै २०२२ ला रेपो ४.९० होता, मला ८.६० टक्क्यांनी मिळालं, मी खूश. फेब्रुवारी २०२३ पर्यंत रिझर्व्ह बँकेने रेपो ६.५० ला नेला, माझं १०.२०. मेसमध्ये डाळ घेताना मेसेज यायचा, "आपला व्याजदर सुधारित करण्यात आला आहे", सुधारित हा शब्द तेव्हापासून मला नकोसा वाटतो. मग २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो एक टक्क्याने खाली आला, माझं ९.२०, आणि बरोबर त्याच वेळी जुलैपासून ईएमआय सुरू झाला, म्हणजे नशीब थोडंफार उलटं फिरलं. तुमचा हिशोब मांडताना आजच्या दरावर मांडू नका, त्याच्यावर दीड-दोन टक्के टाकून झेपतंय का ते बघा.

बँकेने मुदत १५ वर्षांपर्यंत देऊ केली होती. साडेसात लाख, ९.२० टक्के, १५ वर्षं, हप्ता ७,७०० रुपये. ऐकायला गोड. पण एकूण भरणा १३ लाख ८५ हजार. तेच ७ वर्षांत फेडायचं तर हप्ता १२,१५० च्या आसपास आणि एकूण १० लाख २० हजार. मी सात घेतली. आधीच जास्त भरलं तर दंड नाही, बदलत्या दराच्या कर्जाला वैयक्तिक कर्जदाराकडून बँक तो घेऊ शकत नाही, त्यामुळे दिवाळीचा बोनस सरळ मुद्दलात.

आणि हे झेपतं का, हा खरा प्रश्न, जो वहिनी विचारत नाही पण माझ्या वयाची मुलं विचारतात. मी २०२४ ला मडगावच्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये लागले, २८ हजारांवर. आता ३४ आहेत. काम म्हणजे इन्शुरन्स डेस्क, गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचे क्लेम, कुणाचं कार्ड रिन्यू झालेलं नाही, कुणाची प्रोसिजर यादीत बसत नाही. ब्रोशरमधलं सरासरी पॅकेज ऐकून मी कर्ज घेतलं असतं तर रडले असते. तो आकडा सगळ्या शाखांची सरासरी असते, त्यात फायनान्सवाले, बेंगळुरूवाले सगळे. ऍडमिशनच्या आधी मी कॉल करून विचारलं होतं, माझ्या शाखेचं मिडियन, म्हणजे बरोबर मधल्या मुलाचा पगार, किती, किती मुलांना मिळालं, कुठल्या गावात. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, मग लिंक्डइनवर सीनियर शोधले, तिघांनी खरं सांगितलं. ३० च्या आतबाहेर. मी तेव्हाच गोव्याचा पगार धरून हिशोब केला होता, घरी राहणार, आईच्या हातचं जेवणार, फोंडा-मडगाव बसचं तिकीट. माझी रूममेट मुंबईला ३८ वर लागली, भाडं आणि लोकल जाऊन तिच्या हातात माझ्यापेक्षा कमी उरतात. पण घरी राहून ३४ मधून १२ जाणं हे पण सोपं नाही हां, भाऊ आत्ता इंजिनियरिंगला आहे, बाबा रिटायर झालेत, आणि स्कूटर घेणं मी तिसऱ्यांदा पुढे ढकललंय.

टॅक्सचं विचारतात म्हणून, शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते, कितीही व्याज असो, वरची मर्यादा नाही, फेडायला सुरुवात केली त्या वर्षापासून आठ वर्षं. मुद्दलावर काही नाही. आणि फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये. आता नवीन रिजीम आपोआप लागू होते, तिच्यात हे नाही. माझ्या पगाराला नव्यात टॅक्सच लागत नाही, त्यामुळे मला त्याचा उपयोग शून्य, पण तुमच्या घरात कर्ज बाबा फेडणार असतील आणि ते जुन्यात असतील तर सीएला नक्की विचारा.

आता ऍडमिशन घेणाऱ्यांना एक गोष्ट माझ्यापेक्षा बरी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-युनिव्हर्सिटींच्या, रँकिंगवरून निवडलेल्या संस्थांची यादी, पहिल्या वर्षी ८६०, त्यातल्या संस्थेत मेरिटवर ऍडमिशन मिळाली तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज, आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, दुसरी सरकारी स्कॉलरशिप किंवा व्याज सवलत नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियमच्या काळात ३ टक्के व्याजसवलत, वर्षाला १ लाख विद्यार्थ्यांना. आमचं उत्पन्न यात बसलं असतं! तर युनिव्हर्सिटी निवडतानाच ती त्या यादीत आहे का बघा, कारण दोन युनिव्हर्सिटींची फी सारखी असली तरी एक यादीत आणि एक बाहेर असेल तर तुमच्यासाठी त्या सारख्या नाहीत. एजंट सांगेल "आमचं टाय-अप आहे बँकेशी", त्याला हे यादीचं विचारलं की तो विषय बदलतो, करून बघा.

पेडण्याच्या एकीने परवा विचारलंय की ताई, तिकडे साडेअकरा लाख सांगताहेत, घेऊ का. तिला आणि बाकीच्यांना, मला ब्रोशर पाठवू नका, ते मी उघडत नाही. फीच्या पत्रकाचं शेवटचं पान पाठवा, हप्त्यांच्या तारखा पाठवा, आणि घरात कुणाचं काय कधी हातात येणार आहे ते लिहा. रविवारी दुपारी बसून बघते, इतर दिवशी क्लेम असतात.